शेवटचा कधी दिसला? चीनचा महाकाय सॅलॅमँडर आणि ओढ्याकाठच्या माणसांच्या आठवणी

ओढ्यात लागोपाठ रात्री बॅटरी मारली, दगड उलथून पाहिले, पिंजरे लावले आणि प्राणी दिसला नाही. वहीत शून्य लिहिलं. आता त्या शून्याचा अर्थ काय लावायचा? प्राणी इथे कधी नव्हताच, की होता पण संपला, की आहे पण आपल्याला दिसला नाही? नुसत्या क्षेत्रपाहणीतून या तिन्हींतला फरक कळत नाही. त्या ओढ्याच्या काठी पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला मात्र तो बऱ्याचदा सांगता येतो.

2013 ते 2016 या काळात चीनमध्ये महाकाय सॅलॅमँडरची, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका शेपटीवाल्या उभयचराची, जी देशव्यापी पाहणी झाली, तिची मांडणी याच विचारावर उभी होती. 16 प्रांतांतली 97 ठिकाणं, म्हणजे आपल्या तालुक्यांसारख्या 97 काउंट्या, निवडल्या. तिथे ओढे तपासले आणि काठावरच्या लोकांच्या 2,872 मुलाखती घेतल्या. लंडन झूलॉजिकल सोसायटीचे सॅम्युएल टर्व्ही आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष प्राणी सापडले 24, तेही फक्त चार ठिकाणी. ते चोवीसही त्या त्या ओढ्याचे मूळ रहिवासी नसावेत, असं जनुकीय तपासणीतून पुढे आलं. त्या गोष्टीकडे पुढे येऊच, कारण या प्रकरणातला खरा धडा तिथेच आहे.

प्राणी असा, की मोजायला अवघड आणि विसरायलाही अवघड

महाकाय सॅलॅमँडर हा जगातला सर्वात मोठा उभयचर. 1.8 मीटर लांबीपर्यंतच्या नोंदी आहेत. चपटं रुंद डोकं, पापण्या नसलेले अगदी बारीक डोळे, अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या लोंबत्या घड्या. श्वास मुख्यतः या कातडीतूनच चालतो, म्हणून त्याला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. पाणी गढूळ झालं, गाळाने कपारी बुजल्या किंवा बंधाऱ्यामुळे वाहणं थांबलं, की त्याची अडचण सुरू होते. दिवसभर तो कपारीत पडून असतो आणि रात्री खेकडे, मासे, बेडूक शोधायला निघतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मादी कपारीत अंड्यांच्या माळा घालते आणि नर त्यांची राखण करतो.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. भारतात पूर्व हिमालयात आणि ईशान्येत टायलोटोट्रायटन गटातले छोटे सॅलॅमँडर आहेत, पण ते वीतभर. चीनमधला हा प्राणी वयात आलेल्या मुलाएवढा लांब होऊ शकतो. एकदा पाहिलेला माणूस तो सहसा विसरत नाही, आणि पद्धतीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. इवल्याशा झाडबेडकाच्या बाबतीत गावकऱ्यांच्या आठवणीवर इतका भार टाकता येणार नाही.

चीनच्या कायद्याने तो 1980च्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या वर्गाचा राष्ट्रीय संरक्षित प्राणी आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं नाव आहे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. दुसऱ्या बाजूला 1970च्या दशकापासून त्याची शेती करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि 2000 नंतर ती शेती फोफावली. महागड्या हॉटेलांत त्याच्या मांसाला भाव आला. आज शेततळ्यांत तो लाखोंनी आहे. रानातल्या ओढ्यांचं चित्र वर आलंच.

ठिकाणं कशी निवडायची

इतक्या मोठ्या देशात सगळे ओढे पाहणं शक्य नाही. जुन्या नोंदी जिथे आहेत तिथेच गेलं, तर पूर्वी ज्या भागात कोणी पोचलंच नाही तो कायमचा वगळला जातो. म्हणून दोन निकष एकत्र वापरायचे. एक, जुन्या नोंदी. दुसरा, उंची, पर्जन्यमान, तापमान, उतार अशा गोष्टींवरून संगणकीय प्रतिमानाने काढलेला योग्य अधिवासाचा नकाशा. या पाहणीतल्या संशोधकांनी असं प्रतिमान वापरून प्राधान्याच्या काउंट्या ठरवण्याचं काम स्वतंत्रपणेही प्रसिद्ध केलं आहे. त्यापूर्वी, 2016 मध्ये, केवळ ग्वेजो प्रांतापुरता स्थानिक ज्ञानावर आधारलेला अभ्यास 'ओरिक्स' या नियतकालिकात आला होता. त्याच प्रांतातल्या फानजिंगशान अभयारण्यात केलेल्या पाहणीत एकही सॅलॅमँडर सापडला नव्हता, ही नोंद त्याच्याही आधीची, 2015 ची. अभयारण्य, चांगलं जंगल, स्वच्छ ओढे, आणि तरीही शून्य. फक्त जंगल पाहून प्राण्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

एका ठिकाणी किती जणांना विचारायचं? 2,872 ला 97 ने भागलं तर ठिकाणागणिक जेमतेम 30 मुलाखती पडतात. हा आकडा कमी वाटतो, पण हिशेब करून पाहा. समजा गावातल्या दर दहा जणांपैकी एकानेच प्राणी पाहिला आहे. तर 29 जणांना विचारल्यावर एकही 'पाहिलेला' न भेटण्याची शक्यता 0.9 चा 29 वा घात, म्हणजे 0.047. वेगळ्या शब्दांत, किमान एक तरी माणूस गाठ पडण्याची खात्री 95 टक्के. वीसमध्ये एकानेच पाहिला असेल तर मात्र तेवढ्याच खात्रीसाठी 59 मुलाखती लागतात. प्राणी जितका दुर्मीळ, तितकी माणसं जास्त लागतात. आणि नेमक्या अशाच ठिकाणी गाव छोटं, पांगलेलं आणि तरुण शहराकडे गेलेले, असं असतं.

माणसं निवडण्यात एक हमखास चूक होते. पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं, 'ते काका बघा, त्यांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांना विचारा.' काकांकडे गेल्यावर सोन्यासारखी माहिती मिळते. पण एका जाणकाराने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडलं, की तुमच्या तीसपैकी पंधरा जण जुने पकडणारे होतात आणि 'गावातल्या निम्म्या लोकांनी प्राणी पाहिला' असा खोटा आकडा तयार होतो. त्यासाठी दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिली, ओढ्यापासून पायी गाठता येणाऱ्या वस्त्यांत ठरावीक घरं सोडत निवडलेली माणसं. टक्केवारी फक्त हिच्यावरून काढायची. दुसरी, जाणकारांची, जागा, पद्धती, तारखा यांसाठी ती कामाची. या दोन्हींची बेरीज कधीही करू नये.

काय विचारायचं, कोणत्या क्रमाने

चिनी बोलीभाषेत या प्राण्याला 'वावायू' म्हणतात. वावा म्हणजे तान्हं बाळ, यू म्हणजे मासा. त्याचा आवाज रडणाऱ्या बाळासारखा, म्हणून हे नाव. यातला 'मासा' महत्त्वाचा आहे. 'तुमच्या ओढ्यात कोणकोणते उभयचर आहेत?' असं विचारलं तर लोक बेडूक सांगतील आणि वावायू गाळतील, कारण त्यांच्या लेखी तो माशांत मोडतो. प्रश्नावली पुस्तकी वर्गीकरणाने बांधली की उत्तर हातचं जातं. आपल्याकडे देवगांडुळाचं असंच आहे. तो उभयचर आहे हे पुस्तकात. शेतात कुदळीला लागतो तेव्हा लोक त्याला गांडूळ नाहीतर साप समजतात. कोकणात देवगांडुळाची पाहणी करायची तर 'बेडकासारखं काही' असं विचारून चालणार नाही.

प्रश्नांचा क्रमही हवा तसा बदलता येत नाही. चित्र आधी दाखवलं की पुढचं सगळं वर्णन त्या चित्राचंच होतं. म्हणून सुरुवात उघड्या प्रश्नाने: या ओढ्यात काय काय सापडतं, पूर्वी काय सापडायचं? माणसाने आपणहून वावायूचं नाव घेतलं तर ती सर्वात भक्कम नोंद. नाही घेतलं तर नाव आपण घ्यायचं आणि वर्णन त्याला करू द्यायचं: केवढा, रंग कसा, पाय किती, बोटं किती, अंग कसं लागलं, आवाज कसा. पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटं असतात. बोटं कोणी मोजून ठेवत नाही, पण 'अंग बुळबुळीत, डोळे दिसतच नाहीत, बाजूने कातडी लोंबते' एवढं बिनचूक सांगणाऱ्याने प्राणी हातात धरलेला असतो.

चित्रं त्यानंतर. त्यात खरा प्राणी, त्याच भागातले छोटे ओढ्यातले सॅलॅमँडर आणि न्यूट (सॅलॅमँडरचेच छोटे भाऊबंद), आणि एक फसवं चित्र. फसवं चित्र यासाठी, की समोरच्याला खूश करायला हो म्हणणारा माणूस ओळखू यावा. इथे हौशी लोक चूक करतात ती अशी: फसवं म्हणून अमेरिकेतला हेलबेंडर टाकतात, तो चीनमध्ये नाही म्हणून. पण हेलबेंडर हा याच कुळातला, दिसायला जवळजवळ सारखा. त्याला 'हो, हा पाहिला' म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो आणि आपण त्याला खोटारडा ठरवून त्याची मुलाखत बाद करतो. फसवं चित्र अगदी वेगळ्या प्राण्याचं हवं, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसचं. छोट्या जातींशी होणारी गल्लत मात्र खरी असते. महाकाय सॅलॅमँडरची पिल्लं साधारण वीसेक सेंटिमीटरची होईपर्यंत त्यांना बाहेरून कल्ले असतात, आणि तेवढ्याच लांबीचे दुसऱ्या जातींचे प्रौढही त्याच ओढ्यात असू शकतात. त्यामुळे बोटांपासून कोपरापर्यंतच्या हातापेक्षा लहान प्राण्याची नोंद 'अनिश्चित' या रकान्यात घालावी.

तारीख काढणं

मुलाखतीचा गाभा एकच प्रश्न आहे: शेवटचा कधी पाहिला? 'आहे का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. 'कधी?' या प्रश्नातून गावाचा सगळा काळ उलगडतो.

लोक तारखा गोल करतात. 'दहा वर्षं झाली', 'वीस वर्षं झाली.' सगळ्या मुलाखतींतले आकडे मांडले तर 10, 20, 30 वर उंच मनोरे दिसतात आणि 13, 17 जवळपास नसतात. ते सुधारायला खुंट्या लागतात, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटना. चीनमधल्या खेड्यात 1976 सालचा माओंचा मृत्यू ही मोठी खुंटी. सिच्वान आणि शेजारच्या प्रांतांत मे 2008 चा वेनच्वानचा भूकंप. शेती सामूहिक पद्धतीतून घरटी वाटली गेली तो 1980 च्या आसपासचा काळ. याशिवाय स्थानिक खुंट्या गावागावात वेगळ्या: रस्ता आला, वीज आली, धरणाचं काम सुरू झालं. महाराष्ट्रात हेच काम करायचं तर 1967 चा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, 26 जुलै 2005 चा पाऊस आहेतच. विचारायचं ते असं: 'आजोबा, तुम्ही तो पकडलात तेव्हा दुष्काळ होऊन गेला होता का? थोरल्या मुलाचं लग्न झालं होतं? त्याला तेव्हा पोरं होती?' तीन प्रश्नांत वीस वर्षांचा अंदाज पाच वर्षांच्या आत येतो.

प्रत्येक तारखेबरोबर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ओढ्याचं नाव आणि भाग, प्राण्याची लांबी (हात पसरून दाखवायला सांगावं आणि टेपने मोजावी), किती होते, आणि स्वतः पाहिला की ऐकलं. ऐकीव नोंद टाकून द्यायची नाही, पण तिचा रकाना वेगळा. बापाने पाहिलेला सॅलॅमँडर मुलगा वर्णनासकट सांगतो आणि नकळत त्याची तारीख स्वतःच्या बालपणात ओढून आणतो.

लांबीची माहिती पुढे उपयोगी पडते. एकाच ओढ्यातल्या जुन्या नोंदी हातभर-दोन हात आणि नंतरच्या वीतभर, असा उतार दिसला, तर मोठे, विणीला आलेले प्राणी आधी उचलले गेले असं समजतं. नुसत्या संख्येपेक्षा हा इशारा लवकर मिळतो.

ओढ्यात उतरून पडताळा

मुलाखतीने दाखवलेल्या जागी पाहणी करावीच लागते. पद्धती तीन: दिवसा दगड उचकून कपारी पाहणं, रात्री पाण्यात बॅटरी मारून काठाने चालणं, आणि आमिष लावलेले पिंजरे रात्रभर ठेवणं. दगड उचलला की तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. कपार मोडली तर तिथली वीण मोडते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात मोठ्या कपारींना हात लावू नये. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा बांधायचा, नाहीतर आत अडकलेला दुसरा कुठला हवेतून श्वास घेणारा प्राणी गुदमरतो. एका ओढ्यात वापरलेले बूट, जाळी, पिंजरे जंतुनाशकाने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात न्यायचे नाहीत. शेततळ्यांतल्या सॅलॅमँडरमध्ये रॅनाव्हायरस या विषाणूच्या साथी आल्या आहेत, त्यामुळे ही काळजी न घेणारा पाहणीदार स्वतःच रोग पसरवतो.

प्राण्यापेक्षा जास्त वेळा सापडतात पकडणाऱ्यांच्या खुणा. त्यातली एक जवळून पाहण्यासारखी आहे. तिला धनुष्यगळ म्हणतात. बांबूची लवचीक कामटी धनुष्यासारखी वाकवलेली, तिला धारदार गळ लावलेले आणि आमिष खोचलेलं. हे कपारीच्या तोंडाशी ठेवतात. सॅलॅमँडरला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. पाण्यातली हालचाल आणि वास यांवर तो झडप घालतो. आमिष ओढलं की कामटी सुटते आणि गळ अंगात घुसतात. ओढ्यात अशी एक कामटी सापडणं म्हणजे कोणीतरी अजूनही इथे प्राणी आहे असं मानतो. तो अंदाज त्याने स्वतःच्या पोटासाठी केलेला असतो, आणि म्हणून बऱ्याच शास्त्रीय नकाशांपेक्षा तो विचारात घेण्याजोगा असतो. विजेचा झटका देऊन किंवा विष कालवून मासे मारण्याच्या खुणा वेगळ्या नोंदवाव्यात, कारण त्यात सॅलॅमँडरबरोबर त्याचं अन्नही जातं.

आकडे वाचताना

एका ठिकाणच्या तारखा हातात आल्या की शेवटच्या नोंदीनंतरची शांतता खरी आहे की योगायोग, हे तपासायची एक साधी रीत आहे. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू सोलो यांनी 1993 मध्ये ती मांडली. पाहणीचा एकूण काळ, त्यात नोंद असलेली वर्षं, आणि शेवटची नोंद कितव्या वर्षी, एवढंच लागतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. 1975 ते 2015 हा 40 वर्षांचा काळ, त्यात 12 वर्षी प्राणी दिसला, शेवटचा 2003 मध्ये, म्हणजे 28 व्या वर्षी. 28 भागिले 40 म्हणजे 0.7. त्याचा बारावा घात 0.014. प्राणी पूर्वीइतकाच असता तर अशी बारा वर्षांची शांतता पडण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमी. म्हणजे काहीतरी बिघडलं आहे.

हे सूत्र सुटसुटीत आहे, पण मुलाखतींना लावताना तीन ठिकाणी घसरतं. प्राणी दिसण्याचा दर सगळा काळ सारखा होता असं ते धरून चालतं. संख्या हळूहळू घटत आलेली असेल तर ते 'संपला' असा निकाल फार लवकर देतं. दुसरं, प्रत्येक माणूस स्वतःची शेवटची एकच तारीख सांगतो, मधल्या गळतात. म्हणून पहिली, शेवटची आणि मधल्या किती, असं तिन्ही विचारावं. तिसरं म्हणजे, 1975 मध्ये ओढ्यावर जाणारे आज हयात नाहीत आणि 2010 नंतर ओढ्यावर जाणारेच कमी झाले. तरुण शहरात कामाला गेला, तर त्याला सॅलॅमँडर न दिसण्याचं कारण सॅलॅमँडर नाही. त्यामुळे 'ओढ्यावर किती दिवसांनी जाता, पूर्वी किती जायचात?' हा कंटाळवाणा प्रश्न कधीही गाळू नये. तो नसेल तर सगळी तारीखवारी निरुपयोगी होते.

आणखी एक झीज आहे, विसरण्याची. यांगत्सी नदीतला बैजी हा डॉल्फिन 2006 च्या शोधमोहिमेत सापडला नाही. त्यानंतर टर्व्ही आणि सहकाऱ्यांनी नदीकाठच्या मच्छीमारांशी बोलून 2010 मध्ये मांडलं, की बैजी आणि यांगत्सीतला पॅडलफिश हा प्रचंड मासा यांच्याबद्दल तरुण कोळ्यांना वडीलधाऱ्यांच्या मानाने फार कमी ठाऊक आहे. डॉल्फिनएवढा प्राणी एका पिढीत लोकांच्या बोलण्यातून पुसला जातो. सॅलॅमँडर कपारीत राहणारा. म्हणून उत्तरं नेहमी वयाच्या गटांनी वेगळी मांडायची. साठीच्या पुढच्यांनी 'पूर्वी टोपलीभर मिळायचे' म्हणावं आणि तिशीतल्यांनी 'पूर्वीही असेच क्वचित' म्हणावं, तर दोघंही खरं बोलत असतात. घट किती झाली ते या दोन वाक्यांमधल्या अंतरावरून कळतं. सरासरी काढली तर तेच अंतर नाहीसं होतं.

लोकांना न दिसणारी गोष्ट

आता त्या चोवीस प्राण्यांकडे. काही ठिकाणी गावकरी ठामपणे सांगतात की वावायू अलीकडेच दिसला. ते खोटं बोलत नसतात. पण चीनमध्ये शेततळ्यांत वाढवलेले सॅलॅमँडर संवर्धनाच्या नावाखाली हजारोंनी ओढ्यांत सोडले गेले आहेत, शिवाय तळ्यांतून निसटलेले वेगळे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. म्हणून 'अलीकडे दिसला' ही नोंद दोन परस्परविरोधी गोष्टी सांगू शकते: मूळचे तग धरून आहेत, किंवा मूळचे संपले आणि पाहुणे आले.

कुन्मिंग इन्स्टिट्यूट ऑफ झूलॉजीच्या संशोधकांनी 2018 मध्येच 70 रानातले आणि 1,034 शेततळ्यांतले प्राणी जनुकीय दृष्टीने तपासले. एक समजली जाणारी ही जात प्रत्यक्षात किमान पाच वेगवेगळ्या जातींची आहे, असं निघालं. एकेका नदीखोऱ्यात लाखो वर्षं अलग वाढलेले हे वंश, आणि शेततळ्यांत सगळ्यांची सरमिसळ. एका खोऱ्यातले प्राणी दुसऱ्या खोऱ्यात सोडले की उरलेसुरले मूळचे त्यांच्याशी संकर होऊन जातात. 2019 मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या मदतीने दक्षिण चीनमधली अँड्रियास स्लिगोई ही जात पुन्हा वेगळी मानली गेली. त्यासाठीचा मुख्य नमुना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वीस वर्षं जगलेल्या एका प्राण्याचा होता. संग्रहालयात जपून ठेवलेल्या जुन्या कलेवराने जे सांगितलं, ते आजच्या ओढ्यात शोधून मिळत नव्हतं.

मग स्थानिक ज्ञान कुचकामी ठरलं का? अजिबात नाही. फक्त प्रश्नावलीत एक विभाग जास्तीचा लागतो, आणि आता कोणत्याही शेती होणाऱ्या जातीच्या पाहणीत तो असायलाच हवा. या खोऱ्यात सॅलॅमँडरची शेती केव्हा सुरू झाली, सर्वात जवळचं तळं ओढ्याच्या वर आहे की खाली, तळ्याचं पाणी कुठे सोडतात, कधी पुरात तळं फुटलं का, सरकारी किंवा खासगी सोडणी कधी आणि कुठे झाली, पिल्लं कुठून आणली. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तळ्यावर मजुरीला गेलेला एक तरी माणूस भेटतोच. मग नोंदी दोन भागांत लावायच्या: पहिल्या सोडणीच्या आधीच्या आणि नंतरच्या. मूळ प्राण्याची शेवटची तारीख फक्त पहिल्या भागातून काढायची. नंतरच्या नोंदी जनुकीय तपासणी होईपर्यंत 'उगम अज्ञात'.

तपासणीतही एक खाच आहे. पाण्यातून मिळालेल्या डीएनएवरून किंवा कातडीच्या बोळ्यावरून सहसा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचा, डीएनए वाचतात, आणि तो फक्त आईकडून येतो. आई स्थानिक आणि बाप तळ्यातला असेल तर पिल्लू 'शुद्ध स्थानिक' दिसतं. संकर पकडायला पेशीकेंद्रातले खुणेचे भागही तपासावे लागतात.

विचारणारा कोणासोबत येतो

संरक्षित प्राण्याबद्दल विचारणं म्हणजे बऱ्याचदा गुन्ह्याबद्दल विचारणं. वनखात्याचा माणूस शेजारी उभा असताना 'तुम्ही शेवटचा कधी पकडलात?' याला एकच उत्तर येतं. म्हणून अधिकारी गावाबाहेर थांबावा, नाव-पत्ता लिहू नये, ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नये, आणि 'तुम्ही' ऐवजी 'गावात लोक' असं विचारावं. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर 'जंपिंग चिकन' म्हणून बेडूक पकडले जातात, आणि ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे पिवळ्या मोठ्या बेडकाची घट लोकांकडून समजून घ्यायची असेल तर हीच अडचण येणार. भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये थांबवली. त्या आधीच्या काळाबद्दल म्हातारी माणसं मोकळेपणाने बोलतात, कारण तेव्हाचा तो धंदा होता. सुरुवात तिथून करावी. आजच्याबद्दल शेजारी काय करतात ते नंतर आपोआप निघतं.

प्रसिद्ध करताना ओढ्याचं नाव आणि नेमकी जागा कधीही देऊ नये. काउंटी किंवा खोरं एवढं पुरे. सॅलॅमँडर अजून आहेत असं छापलेला नकाशा पकडणाऱ्यांच्या कामी सर्वात आधी येतो.

2022 मध्ये जिआंग्शी प्रांतातून अँड्रियास जिआंग्शिएन्सिस ही आणखी एक जात वर्णिली गेली, आणि ती रानात, आपल्या मूळच्या ओढ्यात, विणीसह टिकून असल्याचं दिसलं. म्हणजे शेवटची तारीख 'आज' असलेला ओढा सापडू शकतो. अँड्रियास स्लिगोईचं उलट झालं: तिचे जिवंत प्राणी 2024 मध्ये ओळखले गेले ते जपानमध्ये, बंदिस्त अवस्थेत. तिच्या मूळच्या दक्षिण चीनमधल्या कोणत्या ओढ्यात ती शेवटची केव्हा दिसली, हे आता तिथल्या साठी-सत्तरीच्या माणसांकडूनच कळू शकतं. त्यांच्याकडे जाताना सोबत न्यायची प्रश्नावली तळ्यांच्या विभागासकट असावी, आणि वहीत सर्वात जास्त वयाच्या माणसाचं घर पहिलं असावं.